मापाची सावली

"त्या कोपऱ्याला छिन्नी लावलीस ना वेल्को, तर तू आणि तुझी छिन्नी, दोघंही घराबाहेर. मी गंमत करत नाहीये."

आज सकाळी आई असं म्हणाली.

मी म्हटलं, आतली दोरी तेवढी काढतो, परत लिंपून देतो. ती म्हणाली, तू लिंपलेलं दर वेळी पडलं, मी लिंपलेलं उभं आहे. माझं डोकं सटकलं. मी बादलीला लाथ मारली. चुना सांडला, नव्या फरशीवर. ती ओरडली नाही. खाली बसली आणि फडक्याने पुसायला लागली.

खिडकीतून ऊन येत होतं. फरशीवर बादलीची सावली पडली होती. फडक्याची पडली होती...

तिची नव्हती.

हे खरं आहे. ज्यांना खोटं वाटतंय त्यांनी इथेच वाचणं थांबवा, मला वाद घालायला वेळ नाही. गावाचं नाव सांगत नाही. रोडोपीच्या डोंगरात आहे, एवढं पुरे. आणि यातलं काहीही रात्री घडलेलं नाही. सगळं भर उन्हात घडलं. रात्री आमच्या घरात काहीच होत नाही. रात्री मी शांत झोपतो. दिवस उजाडला की आधी भिंतींकडे बघतो.

आम्ही दोघंच. मी आणि आई. जन्मभर स्मोल्यान शहरात भाड्याने राहिलो. उन्हाळ्यात घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि आम्हाला खोली सोडावी लागली. नेमकं तेव्हाच आईच्या मामाचं हे घर तिच्या नावावर झालं. खाली दगड, वर माती आणि लाकूड, छपरावर दगडी लाद्या. किती वर्षं बंद होतं कुणास ठाऊक. आत पाऊल टाकलं तर भिंतीचा पोपडा खांद्यावर पडला. मी म्हटलं, इथे शेळ्याही राहणार नाहीत.

आई म्हणाली, "शेळ्यांना विचारलंच नाहीये. पहिलं बर्फ पडायच्या आत घर उभं करायचं. आता मला कुणी निघ म्हणणार नाही."

तिच्या तोंडावर असं हसू मी पहिल्यांदाच बघितलं. म्हणून मग कामाला लागलो.

पैसे नव्हतेच. माझ्या जुन्या शाळेने लाकडी खिडक्या काढून प्लास्टिकच्या बसवल्या होत्या, त्या काढलेल्या खिडक्या आम्ही उचलून आणल्या. एका चौकटीवर माझंच नाव कोरलेलं निघालं. आई म्हणाली, "शाळेत तू एवढंच लिहिलंस. बरं झालं, जपून ठेवलं त्यांनी." फरशा कुणाकुणाच्या उरलेल्या, एकीचा रंग दुसरीला नाही. सफरचंदाच्या पेट्यांची फळी केली. जुन्या चाळणीत बल्ब सोडला आणि दिवा झाला. दारं आईने निळी रंगवली. चांगलं दिसायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

शेजारी रांगेलकाका. आयुष्यभर बस चालवली, आता शेळ्या पाळतो. गिलाव्यात घालायला शेळीचे केस त्यानेच दिले. केस घातले की माती धरून राहते. दिवसभर कुंपणाला टेकून उभा राहायचा आणि टोमणे मारायचा. "शाळेतून पळाला आणि चिखलात पडला," हे रोजचं.

मग आला तो कोपरा.

स्वयंपाकघरात, धुराड्याशेजारी. मी जुना गिलावा पाडत होतो. आतला एक चपटा दगड हलत होता. ओढला तर निघाला. त्याच्या खाली, दोन दगडांच्या खाचेत...

दोरीचं वेटोळं.

लोकरीची दोरी, बोटाएवढी जाड. दोन्ही टोकांना गाठ. रंग पार उडालेला.

आई म्हणाली, कुणीतरी मार्तेनित्सा ठेवलीय. मलाही तेच वाटलं. आमच्याकडे कुणालाही तेच वाटेल. मार्चमध्ये मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधायचा, करकोचा दिसला की सोडायचा आणि झाडाला बांधायचा, नाहीतर दगडाखाली ठेवायचा. लहानपणी मीही ठेवलाय. काही दिवसांनी दगड उचलून खाली कोणता किडा आलाय ते बघायचं. मुंग्या असतील तर वर्ष भरभराटीचं.

"बघ, मुंग्या आहेत का," आई हसत म्हणाली.

मी वाकून बघितलं. मुंगी नव्हती. किडा नव्हता. कोळ्याचं जाळंही नव्हतं. इतक्या जुन्या भिंतीत...

साधी धूळसुद्धा नव्हती.

मार्तेनित्सा एवढी लांब कशी, हे तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं. आमची मोजायची पट्टी आदल्याच दिवशी तुटली होती. मी म्हटलं, फुकटची दोरी मिळाली, आणि खिशात घातली.

त्या दिवसापासून कोपरा धरेना.

मी गिलावा चढवायचो, दुपारपर्यंत ठीक असायचा. ऊन त्या भिंतीवर आलं की आतून आवाज यायचा. चर्र... दगडावरून कुणी दोरी ओढावी तसा. आणि सगळा थर खाली. आई म्हणायची, तू पेंढा कमी घालतोस. मी म्हणायचो, तू पाणी जास्त घालतेस. रोज भांडण. एकदा तर आतले दगडही सरकले आणि छप्पर पेलणारं वरचं तुळवट कललं. आईच्या तोंडचं पाणी पळालं. तुळवट गेलं तर छप्पर जाणार. छप्पर गेलं तर बर्फात आम्ही कुठे जाणार?

त्याच दिवशी मला ती दिसली.

आई शिडीवर उभी राहून समोरच्या भिंतीला चुना देत होती. मी दारात बसून शेंगदाणे खात होतो. भिंतीवर शिडीची सावली होती. आईची होती. बादलीची होती.

आणि खाली, कोपऱ्यात... आणखी एक.

बसलेली. डोक्याला रुमाल. हातात गाडग्यासारखं काहीतरी.

मी मागे वळून बघितलं. मागे कुणीच नव्हतं. परत भिंतीकडे बघितलं तर तिने मान वर केली होती. आईच्या सावलीकडे बघत होती.

शेंगदाणे सांडले. आई म्हणाली, "वेंधळ्या, मीच उचलायचे का ते आता?" मी दाणे गोळा करायला लागलो. सांगितलं असतं तर म्हणाली असती, कामचुकारपणाला नवीन कारण शोधलंस.

मग अंगणातल्या फरशीचा दिवस. दारापासून कुंपणाकडे सरळ ओळ आखायची होती. पट्टी नव्हती, म्हणून तीच दोरी काढली. आईला कुंपणापाशी उभं केलं, एक टोक तिच्या बुटाखाली दिलं आणि दुसरं ओढत ओढत दाराकडे मागे गेलो. ऊन तिच्या पाठीमागून येत होतं. सावली माझ्याच बाजूला पडली होती. दोरी ताणली...

दुसरी गाठ बरोबर सावलीच्या डोक्यावर आली.

नेमकी. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही.

मी हसलो. म्हटलं, "आई, तुझी सावली मापाची आहे बघ."

तेवढ्यात कुंपणावरून रांगेलकाका ओरडला, "दोरी सोड. गाढवा, दोरी सोड म्हणतो ना."

या माणसाला मी कधी पळताना बघितलं नव्हतं. तो कुंपण ओलांडून आला, माझ्या हातातून टोक हिसकावलं आणि विचारलं, ही कुठे सापडली. मी सांगितलं. त्याने छातीवर क्रूसाची खूण केली आणि मला दंडाला धरून त्याच्या गोठ्यात नेलं. आईला म्हणाला, शेळी अडलीय, पोराला जरा नेतो.

गोठ्यात त्याने जे सांगितलं ते थोडक्यात सांगतो.

जुने मिस्त्री घर बांधायचे तेव्हा भिंत उभी राहावी म्हणून भिंतीला माणूस द्यायचे. जिवंत माणूस नाही, त्याची सावली. कुणी जवळून गेलं की गुपचूप दोरीने त्याची सावली मोजायची आणि ती दोरी भिंतीत चिणायची. घर मग हलत नाही. आणि ज्याची सावली मोजली तो पहिल्या बर्फाच्या आत मरतो. गेला की त्या घरातच राहतो, घर राखत. त्याला तलासम म्हणतात.

"या घराला स्तामेना दिलीय," काका म्हणाला. "तुझ्या आईच्या पणजोबांची बहीण. मिस्त्र्यांना ताक घेऊन आली होती. उन्हात उभी राहिली. माझ्या बापाने सांगितलंय मला."

भिंतीवरच्या सावलीच्या हातातलं गाडगं मला आठवलं. पण राग जास्त आला. म्हटलं, काका, सकाळी सकाळी किती राकिया घेतलीस? त्याने नेहमीसारखा टोमणा परत मारला नाही. तेव्हा मी घाबरलो.

दोरी जाळायची ठरवली. धावत घरी आलो. अंगणात दोरी नव्हती. दारात नव्हती. आत गेलो तर आई कोपऱ्यात, कोपरापर्यंत हात मातीने भरलेले, खूश.

"बघ, बसला गिलावा. याला म्हणतात काम."

"आई, दोरी कुठाय?"

"ती मार्तेनित्सा? ठेवली परत दगडाखाली. कुणीतरी मनातलं मागून ठेवलेली असते ती. अशी फरशी मोजायला वापरतात का?"

मी कोपऱ्यावर हात फिरवला. माती ओली होती, पण आतला दगड...

हलत नव्हता. तुळवट सरळ झालं होतं. मी आईची सावली मोजली होती आणि तिने स्वतःच ती भिंतीत चिणली होती.

त्यानंतर एक पोपडासुद्धा पडलेला नाही. आई दिवसेंदिवस घर सजवतेय. जुन्या चादरींचे पडदे शिवले, कोनाड्यात वाळलेली फुलं ठेवली. पण दुपारी आडवी होते, पूर्वी कधी व्हायची नाही. हात बर्फासारखे. म्हणते, थकवा आहे, घर लागलं की जाईल. आणि तिची सावली रोज थोडी थोडी फिकी होत गेली. माझी नजर अशा गोष्टी सोडत नाही. आधी कडा गेल्या. मग डोकं. आज सकाळी तर उरलीच नव्हती, ते वर सांगितलंच.

कोपऱ्यातल्या त्या सावलीचं सांगायचं राहिलं. ती आता बसलेली नसते. उभी असते. दाराकडे तोंड करून... सुटी झालेल्या माणसासारखी.

आज सकाळच्या भांडणानंतर मी परत काकाकडे गेलो. म्हटलं, दोरी काढली तर? तो म्हणाला, काढलीस तर छप्पर तिच्या अंगावर येईल. एकदा मोजलेलं परत घेता येत नाही. मग शेळीच्या पाठीवरून हात फिरवत हळूच म्हणाला, "बदली चालते म्हणतात. तिच्या जागी दुसरी दोरी." म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

मी म्हटलं, मग माझी मोज.

"तोंड काळं कर इथून," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मी परत विचारलं तेव्हा त्याने गोठ्याचं दार लावून घेतलं.

मी एकट्याने करून बघितलं. नवीन दोरी आणली, अंगणात उभा राहिलो. एक टोक दगडाखाली दाबून बुटाशी ठेवलं. दुसरं टोक सावलीच्या डोक्याशी न्यायला वाकलो...

तर सावलीही वाकली.

कितीही करा, ती वाकतेच. स्वतःची सावली स्वतःला मोजता येत नाही. दुसरं टोक धरायला दुसरं कुणीतरी लागतं. मी वैतागून दोरी तिथेच फेकली आणि घरात आलो. तेव्हापासून ढग आहेत. वरच्या डोंगरावर बर्फ दिसायला लागलंय. खाली यायला फार वेळ लागणार नाही.

हे मी वरच्या खोलीतून लिहितोय, माझं नाव कोरलेल्या खिडकीत बसून. आई खाली झोपलीय. चुना पुसून झाल्यावर आडवी झाली. मघाशी मी तिच्या अंगावर गोधडी घातली तेव्हा डोळे न उघडता म्हणाली, "वेल्को, छान झालंय ना रे घर?" मी म्हटलं, हो, छान झालंय.

आत्ता ढग फाटलेत.

अंगणात ऊन आलंय. दोरी मी फेकली तिथेच आहे. एक टोक दगडाखाली. दुसरं टोक सैल पडलेलं होतं, मी स्वतः बघितलं होतं...

ते आता सैल नाहीये.

जमिनीपासून वर उचललं गेलंय. दोरी ताणलेली आहे. टोकाशी कुणीच उभं नाही. पण फरशीवर रुमाल बांधलेल्या बाईची सावली आहे, आणि तिने मान वर करून या खिडकीकडे बघितलंय.

वाट बघतेय.

ऊन फार वेळ राहणार नाही. आई अजून झोपलेली आहे. मला आता खाली जाऊन त्या दगडापाशी उभं राहायला हवं.