पान्याबिगर येऊ नगं

आवं लालासाहेब, उद्या पहाटं तुमचा पिकप लागंल. शिराळ्याच्या वरच्या डोंगराला जायचं हाय. डिझेल मी घालतो. कशाला ते सांगतो, पर मधी हसू नगा. माझं डोस्कं कसं हाय ते तुमाला ठावं हाय.

दिवाळी झाली की दरसाली आमी तिघं त्या डोंगरावर एक रात काढतो. मी, विश्वजित आन रिजवान शिंपी. आमच्या कवठ्याकडं नुसता उघडा माळ. तिकडं झाडी, धुकं, दात वाजत्यात अशी थंडी. जाळ करायचा, भाकरी अन् सुकं मटान हानायचं, एकमेकाची उनीदुनी काढायची. वर्सातनं तेवढीच मजा.

औंदा निघताना रिजवानच्या आईनं, अख्तरबीनं, माझा हात धरला. एकुलतं एक पोरगं तिचं. सोता विनलेला तांबडा स्वेटर त्याच्या अंगात घातला आन मला म्हनली, "केरबा, तुझ्या भरोशावर धाडतीया. हाय तसा आनून दे."

मेंढरामागचा माझा कुत्रा, लांडग्या, त्यो बी संगं व्हता.

दिस बुडायला तंबू ठोकला. तेवढ्यात रिजवानचा पाय लागून पान्याचा कॅन लवंडला. टिपूस ऱ्हायलं न्हाई. माझं टाळकं सरकलं.

"आंधळा हायस का रं?"

"अंधार पडलाय, केरबा. सकाळी आनू की."

"सकाळी? आन आता पिठात काय थुकू? जा झऱ्यावर. पान्याबिगर येऊ नगं. न्हाईतर अख्तरबीलाच सांगतो, तुझं पोरगं बिनकामाचं हाय म्हनून."

"जाऊ दे की गड्या," विश्वजित म्हनला. मी ऐकलं न्हाई. रिजवाननं कॅन उचलला आन झाडीत उतरला. बॅटरीचा उजेड दोन वळनं दिसला. मग न्हाई.

झरा खाली, दहा मिंटावर. अर्धा तास गेला. किडं वरडत व्हतं ते एकदम गप झालं. वल्या, कुजलेल्या पाल्याचा वास आला. आन त्यो आला. मागनं, वरच्या अंगानं. लालासाहेब, वर नुसता कडा हाय. तिथनं वाट न्हाई.

कॅन काठोकाठ. बॅटरी न्हाई.

"बॅटरी कुठाय रं?"

"लागली न्हाई..."

लांडग्या शेपूट हलवत पळाला. स्वेटर हुंगला, बाही चाटली. मग नाक त्याच्या उघड्या हाताला लागलं. तिथंच थांबला. कान पाडून मागं मागं सरकत आला आन माझ्या पायात घुसून थरथराय लागला. खऱ्या लांडग्यापुढं उभं ऱ्हानारं कुत्रं ते.

तवाच मला कोकराचं आठवलं. आमा मेंढरंवाल्यांची एक रीत हाय. मेंढीचं कोकरू मेलं की त्याचं काताडं काढायचं आन बिनआईच्या कोकराच्या पाठीवर बांधायचं. मेंढी पाठ हुंगती, आपलंच समजून पाजती. तोंड हुंगलं तर धडक देती. तीन दिस तसं ठेवायचं. तिचं दूध मुरलं की कोकराला तिचाच वास लागतो. मग काताडं सोडायचं. मेंढी कायमची फसती.

विश्वजितनं त्याच पान्यात पीठ मळलं, भाकरी भाजल्या. पानी घिऊन आलेला त्यो जाळापासनं लांब बसला, भाकरी हातात धरून. आमी तुकडा मोडला की मग त्यो मोडायचा. आमी चावलं की चावायचा.

"रिजवान," मी म्हनलो, "घरी आईला काय म्हनतोस रं तू?"

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं.

"अख्तरबी..."

विश्वजित पोट धरून हसला. त्याला थट्टा वाटली. आवं, बोलाय लागल्यापासनं रिजवान तिला अम्मी म्हनतो. अख्तरबी मी म्हनलो व्हतो, झाडीकडं तोंड करून, वरडून.

मी उठलो तर विश्वजितनं दंडाला धरलं. "कुनाला हुडकाय चाललास? हितं बसलाय की त्यो. तापट ते तापट, आता येडा बी झालास."

तांबडं फुटल्यावर गेलोच. झऱ्यावर बॅटरी पडलेली. चालूच, पार पिवळी झालेली. मी हाक मारली, "रिजवान..." ओ आली, पर वरनं, तंबूकडनं. परत मारली. परत वरनंच ओ. दुसरीकडनं कुनी ओ दिली असती तरी मला कुठली ऐकू यायची? मी हाका मारायच्या बंद केल्या.

काय करनार? आनून दिला त्याला, हाय तसा. अख्तरबीनं माझ्या तोंडावरनं हात फिरवला.

आज तिसरा दिस. दुपारी गेलो. स्वेटर धुऊन दोरीवर वाळत घातलेला. त्यो उंबऱ्यात बसून दूध पीत व्हता.

"अम्मी, केरबा आलाय," त्यो म्हनला. बराबर त्याच्या आवाजात.

अख्तरबी हसत भायेर आली. "आल्यापासनं दुधाचंच येड लागलंय बघ ह्याला. ल्हान व्हता तवा असाच करायचा. आन स्वेटर नगं म्हनतोय आता, गरम व्हतंय म्हनं."

लांडग्या म्होरं गेला. त्याचा हात हुंगला. आन चाटला, लालासाहेब. शेपूट हलवून चाटला.

मलाबी मगापासनं त्यो रिजवानच वाटाय लागलाय. म्हनून तर घाई करतोय. आनकी दोन दिस गेलं तर मी हे तुमाला सांगायचो बी न्हाई.

कॅन मी संगं घेतलाय. तिकडं डोंगरात ऱ्हायलेल्या त्या पोराला मीच म्हनलो व्हतो, पान्याबिगर येऊ नगं. आन कॅन तर ह्यो घिऊन आला. त्यो तिथं कशात भरंल पानी?