वाजत्या डब्याजवळ बिबट्या येत नाही

भूत रात्री बारा वाजताच निघतं, असं तुम्हाला कोणी सांगितलं?

आमच्या घरचं पाच वाजता निघायचं. संध्याकाळी पाच. शाळा सुटली की.

ही गोष्ट माझ्या मोठ्या आईची, म्हणजे माझ्या सख्ख्या चुलतीची. तिचं नाव दीना. गाव श्रीरामपूरजवळचं बेलापूर, गावाबाहेर आमची वस्ती. दिवस मंगळवार, १३ फेब्रुवारी १९९६. पोलीस ठाण्यात कागद आहेत, कोर्टात केस उभी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल दुसरं काही वाचावं. मी कुणाच्या हातापाया पडणार नाही.

मोठ्या आईला एकच लेकरू होतं. एंजल. सात वर्षांची, दुसरीत.

शाळेतून वस्तीवर यायची वाट उसातून. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. त्या दिवसांत आमच्या भागात बिबट्या फिरत होता. आदल्याच आठवड्यात त्याने शेजारच्या वस्तीवरची शेळी नेली होती. म्हणून उसातून जाताना लोक काहीतरी वाजवत जायचे. ताट, पत्रा, काहीच नसेल तर मोठमोठ्याने गाणी. आवाज असला की बिबट्या वाट सोडतो, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल.

मोठ्या आईने एंजलला डालड्याचा रिकामा डबा दिला होता आणि एक काठी.

बाकीची पोरं नुसती बडवत सुटायची. एंजलचं आपलं वेगळंच. तीनदा वाजवायची, थांबायची, मग एकदा.

ठण ठण ठण... ठण.

मोठी आई चुलीपाशी बसून नुसत्या आवाजावरून सांगायची. पोरगी पाटाच्या पुलावर आली, आता कृपादान भाऊजींच्या बांधाला लागली, आता चहा टाकायला हरकत नाही.

कृपादान म्हणजे मोठ्या आईच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. त्याचं रान आमच्या वाटेला लागून. चर्चमध्ये पंच, कुणाच्याही अडचणीला धावून जाणारा. आम्ही त्याला काका म्हणायचो. आता म्हणत नाही.

त्या दिवशीही डबा वाजत आला. पूल आला, बांध आला. मोठ्या आईने आधण ठेवलं.

ठण ठण ठण...

शेवटचा ठोका आलाच नाही.

आधण उकळून आटलं. मोठी आई वाटेने धावत गेली. वाट मोकळी होती.

गाव जमलं. लोकांनी बत्त्या घेऊन सगळा ऊस तुडवला. उजाडताना एंजलच्या फ्रॉकचा तुकडा सापडला आणि एक चप्पल. जवळच ओल्या मातीत बिबट्याचे ठसे. झालं. वनखात्याचे लोक आले, पंचनामा झाला, कागदावर 'वन्यप्राण्याचा हल्ला' असं लिहून टाकलं. फक्त आईची सही राहिली होती.

"मी सही करनार न्हाई," मोठी आई म्हणाली.

"अहो बाई, ठसे दिसतायत की समोर."

"ठसे तर रोजच हायेत. पोरीचा डबा वाजत हुता, मी ऐकलाय. वाजत्या डब्याजवळ बिबट्या येत न्हाई. माज्या पोरीला मानसानं नेलंय. तसं लिवा, मग करते सही."

तसं कोण लिहिणार? बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. कागद तिच्या सहीशिवायच पुढे गेला.

कृपादान मात्र सगळ्यांना दटावायचा. वहिनीला कुणी काही बोलायचं नाही, तिचं दुःख मोठं आहे. त्याच आठवड्यात त्याने आपल्या रानातली जुनी कोरडी विहीर माती ओढून बुजवली. आणखी कुणाचं लेकरू पडायला नको, म्हणाला. रविवारी चर्चमध्ये त्याचं कौतुक झालं.

महिना गेला. मोठी आई चुलीपाशी बसली होती. पाच वाजले होते...

ठण ठण ठण...

ती धडपडत बाहेर आली. ऊस केव्हाच तुटून कारखान्याला गेला होता. नजर जाईल तिथवर नुसतं पाचट. माणूस नाही, पोर नाही, कुत्रंसुद्धा नाही.

आवाज पुलावरून निघाला... बांधावर आला... आणि बुजवलेल्या विहिरीपाशी थांबला.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशीही.

तिच्याशिवाय कुणालाच तो ऐकू येत नव्हता. नवऱ्याला नाही, सासूला नाही. पाळक घरी येऊन प्रार्थना करून गेले. देवाघरी गेलेलं लेकरू परत येत नाही, म्हणाले.

"मग ती तिथं पोचलीच नसंल," मोठी आई म्हणाली.

ती तीन वेळा पोलीस ठाण्यात गेली. विहीर उकरा, म्हणाली. का, तर डबा तिथे थांबतो. साहेबांनी तिला चहा पाजला आणि परत पाठवलं. पुढे त्या विहिरीवर गोठा उभा राहिला. मोठ्या आईचा नवरा वारला. अठ्ठावीस वर्षं होत आली.

दुसरं कुणी असतं तर गाव सोडून गेलं असतं. मोठी आई रोज पाच वाजता स्वतःच्या दारात उभी राहायची आणि रानाकडे बघून विचारायची, "आलीस का गं?" आपलीच पोरगी येते, तर घाबरायचं कशाला, असं तिचं म्हणणं.

आता पुढचं नीट वाचा.

कृपादान साठीतच ठार बहिरा झाला. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मशीन लावूनही उपयोग नाही. कानाशी फटाका फोडला तरी त्याची मान वळायची नाही. वस्तीवरच्या पोरांनी तेही करून बघितलं होतं.

२०२३ चा नाताळ झाला आणि त्याच्या नातीचं लग्न निघालं. मांडव वस्तीवरच. दुपारभर बँड चालला होता. बँडवाला अगदी कानाशी पिपाणी फुंकत होता आणि हा शांतपणे बुंदी खात होता.

पाच वाजले. बँड थांबला होता. शेवटची पंगत बसली होती आणि मोठी आई वाढत होती.

ठण ठण ठण...

तिला त्याचं काही नवल नव्हतं. तिने सवयीने मान वर केली.

आणि समोर कृपादानची मान गर्रकन वळली... रानाकडे.

त्याच्या हातातलं ताट खाली पडलं.

इतकी वर्षं पाच वाजता ती आपल्या दारात असायची. त्या वेळचं त्याचं तोंड तिने कधी पाहिलंच नव्हतं.

मोठ्या आईने बुंदीची बादली खाली ठेवली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. बहिऱ्याशी बोलून काय उपयोग? तिने हात वर केला. एक बोट, दुसरं, तिसरं. मग मूठ मिटली.

कृपादान पंगत सोडून घरात गेला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मोठी आई त्याच्या ओट्यावर जाऊन बसली. बरोबर त्याच्यासमोर. आवाज आला, विहिरीपाशी थांबला, मग ती उठून घरी गेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"काकू, काही काम हाय का?" त्याच्या मुलाने विचारलं.

"तुज्या बापाकडं हाय. तुजं चालू दे."

घरातल्याच बाईला ओट्यावरून हाकलणार कोण? ती रोज जात राहिली. कृपादानने कानांत कापूस कोंबला, वरून मफलर बांधला. बहिऱ्या माणसाने कानांत कापूस घातलेला वस्तीने पहिल्यांदाच पाहिला.

अठराव्या दिवशी तो हमसून हमसून रडायला लागला.

"तिला थांबवा, वहिनी. लई झालं आता."

मोठ्या आईने गोठ्याकडे बोट दाखवलं.

मग त्याने सांगितलं. रानडुकरं येऊ नयेत म्हणून त्याने रानाभोवती तार ओढून करंट सोडला होता. लाईट रात्रीची असायची, त्या दिवशी अवेळी दुपारीच आली. बटण चालूच राहिलं होतं. पोरगी बांधावर तारेला लागली आणि पडली.

"मेली हुती?" मोठ्या आईने विचारलं. ओठांवरून त्याला कळलं.

"न्हाई... श्वास चालू हुता."

दवाखाना तीन किलोमीटरवर होता. दारात ट्रॅक्टर उभा होता. पण तिला दवाखान्यात नेलं असतं तर तारेचं कळलं असतं, त्याच्यावर केस झाली असती. म्हणून त्याने तिला जिवंतपणी विहिरीत टाकलं. फ्रॉकचा तुकडा आणि चप्पल उसात नेऊन ठेवली. डबा पाटाच्या वाहत्या पाण्यात फेकून दिला.

"मी एकटाच हुतो," तो सारखा म्हणत होता. "दुसरं कुनी न्हवतं, वहिनी. मी एकटाच."

मला हे सांगताना मोठी आई इथे थांबली.

"ओट्यावर कोयता पडला हुता," ती म्हणाली. "म्या त्यो उचलला न्हाई. त्याचं मला अजून वाईट वाटतं बघ."

तिने त्याला हाताला धरून रिक्षात घातलं आणि ठाण्यात नेलं. साहेब नवीन, तिशीतले. ते खुर्चीतून उठायच्या आत ती म्हणाली, "आता लिवा. मानसानं."

गोठा पाडला. जेसीबी लागला. वीस फूट खाली हाडं सापडली. तपासणीत ती मोठ्या आईच्या रक्ताशी जुळली.

हाडांशेजारी डालड्याचा डबा होता...

तोच, पाटात फेकलेला. सरळ उभा. वर वीस फूट माती, आणि डब्यात मातीचा एक कण नाही.

पंचनाम्यात तेही लिहिलंय. कसं काय, ते कुणी लिहिलेलं नाही.

ऑगस्टात एंजलची हाडं परत मिळाली आणि आम्ही तिला चर्चच्या दफनभूमीत ठेवलं. पाळक म्हणाले, दगडावर 'प्रभूमध्ये निजली' असं कोरू या, सगळ्यांच्या दगडावर असतं.

"निजली न्हवती," मोठी आई म्हणाली. "हिला मारली. तेच कोरा."

पाळकांनी हळूच क्षमेचा विषय काढला.

"क्षमा करायची का न्हाई ते पोरगी ठरवंल. मी कोन?"

आम्हाला वाटलं, संपलं. आता लेकरू शांत होईल. शेवटची प्रार्थना चालू होती, सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझे उघडे होते, माझी वाईट सवय. पाच वाजले होते...

मोठ्या आईने मान वर केली.

मला काहीच ऐकू आलं नाही. पण तिला आलं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. आणि या वेळी तिने रानाकडे पाहिलं नाही. तिने माणसांकडे पाहिलं. एकेकाच्या तोंडाकडे.

माझ्या शेजारी एक मान रानाकडे वळलेली होती.

माझ्या पप्पांची.

पप्पा म्हणजे डॅनी, मोठ्या आईचा धाकटा दीर. १९९६ साली ते एकोणीस वर्षांचे होते आणि कृपादानच्या रानात पाणी भरायला जायचे. त्याच उन्हाळ्यात ते गाव सोडून नगरजवळ भिंगारला आले, इथे कॅन्टोन्मेंटमध्ये नोकरीला लागले. वस्तीवर ते कधीही मुक्कामाला राहिले नाहीत. गावाकडचं पाणी मला बाधतं, असं सांगायचे.

पुढच्या आठवड्यात मोठ्या आईने भिंगारमध्ये, आमच्या मागच्याच गल्लीत खोली घेतली. एकसष्ट वर्षांची बाई, एक पेटी आणि एक स्टोव्ह. पाच वाजता ती आमच्या दारात येऊन उभी राहिली.

तेव्हापासून रोज येते.

घरात नुसती भांडणं आहेत. मम्मी म्हणते, दार लावून घे, लोक बघतात. पप्पा कुणाशी बोलत नाहीत. त्यांचे कान चांगले आहेत, पण पाच वाजले की टीव्हीचा आवाज फुल्ल करतात.

माझा पप्पांवर जीव आहे. माझ्या आजारपणात ते आठ-आठ दिवस झोपलेले नाहीत. मी त्यांच्यासाठी सगळ्या सबबी शोधून ठेवल्या आहेत. वय लहान होतं. कृपादानचा धाक होता. कदाचित त्यांनी नुसतं लांबून पाहिलं असेल. कदाचित नंतर कळलं असेल. आणि दर वेळी मला आठवतं की तिचा श्वास चालू होता.

म्हणून मी दार लावत नाही. मोठ्या आईचे गुडघे दुखतात, उभं राहवत नाही. मीच तिच्यासाठी बाहेर खुर्ची टाकते. मम्मी मला काय काय बोलते ते इथे लिहीत नाही.

काल पाच वाजले...

टीव्ही लागला नाही.

पप्पा आतून आले आणि चौकट धरून उभे राहिले. तोंड पांढरं पडलेलं. मोठी आई खुर्चीतून त्यांच्याकडे बघत होती. ते काय सांगणार आहेत, मला माहीत नाही. ते ऐकायची मला भीती वाटते.

मी आत गेले आणि दुसरी खुर्ची आणली.