सहा-नऊचा खण

दुकानात दहा आकड्यांसाठी नऊच खण होते. नव्या गिऱ्हाइकाला ही गंमत सांगितल्याशिवाय नंबरवाल्याला चैन पडत नसे. "नऊ आपल्याकडे कापतच नाही. सहाला शीर्षासन करायला लावायचं, झाला नऊ!" इंग्रजी आकड्यांची ही सोय त्याला धंद्याच्या सुरुवातीलाच उमगली होती. दारं, टपालपेट्या, कचऱ्याचे डबे, हेल्मेटं, होड्या, जिथे म्हणून आकडा लागतो तिथे त्याने कापलेले सुटे आकडे चिकटलेले होते.

काम तसं सोपं, पण हात बसायला वेळ लागतो. चिकट व्हायनिलचा रोल मशीनमध्ये सरकवायचा. पातं कुरकुरत वरचा थर तेवढा कापतं, पाठचा कागद शाबूत राहतो. मग चिमट्याने आकड्याभोवतीचं नको ते सोलून काढायचं आणि सहा, आठ, शून्य यांच्या पोटातले बारके तुकडेही उचलायचे. हे तुकडे महा द्वाड. बाहीला, कोपराला, कधी कानालासुद्धा चिकटून घरी येत. ताई ते वेचून काढायची. "आलास सगळं दुकान अंगावर घेऊन?"

आई गेल्यावर ताईनेच त्याला लहानाचा मोठा केला होता, स्वतःचं लग्नबिग्न बाजूला ठेवून. नुकतंच तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले, आता काळजीचं कारण नाही. तो मात्र इमानेइतबारे काळजी करत होता. ताईशिवायचं घर त्याने कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहायचंही नव्हतं.

पहिली तक्रार शिवणकाम करणाऱ्या बाईंची आली.

"मी नऊ मागितला होता. तुम्ही सहा दिलात."

"उलटा लागला असेल. फिरवून लावा की."

"सरळच लागलाय हो. पण एक माणूस येतो दुपारचा. राखाडी कोट, हात रिकामे. दारावरच्या नंबरकडे मान वाकडी करून बघत राहतो. म्हणतो, हा सहा आहे, ताईंना बोलवा, निघायचंय. आमच्याकडे कोण ताई? मी आणि माझे सासरे."

नंबरवाला हसला. एक सहा घेऊन त्याने काउंटरवर उलटा ठेवला. मग कधी नव्हे तो मशीनवर एक नऊ कापला, सोलला आणि त्या सहावर बरोबर बसवून दाखवला. कडेला कड जुळली. केसाचाही फरक नव्हता.

"बघा. आहे काही वेगळं?"

"मला नाही कळत," बाई म्हणाल्या. "त्याला कळतं. मला नऊ म्हणून कापलेलाच द्या."

त्यांनी तो नऊ नेला. आठवड्याभराने रस्त्यात भेटल्या तेव्हा चेहरा निवांत होता. तो माणूस पुन्हा आला नव्हता.

मग दातांचे डॉक्टर आले. त्यांच्याही पायरीवर राखाडी कोट, तीच वाकडी मान, तीच ताईंची चौकशी. डॉक्टरांनी त्याला दाढ दुखते का म्हणून विचारलं होतं. त्यांना या गोष्टीचं हसू येत होतं, पण पूर्ण येत नव्हतं. त्यांच्यामागून चष्मेवाला आला, मग पाळणाघराची मालकीण. नंबरवाल्याने निमूटपणे नऊ कापले आणि शेवटी दहावा खण केला. कोणीतरी आपली टर उडवतंय, असं तो स्वतःला सांगत राहिला. पण कापताना पात्याची कुरकुर आता त्याला सहन होईना. तो उगाच उठे, दारापर्यंत जाई, रस्ता बघून परत येई.

घरी ताईचंही काही ठीक दिसत नव्हतं. म्हणजे तब्येत छान होती. जेवण झालं की ती केस विंचरायची, बाहेर जायचे कपडे घालायची आणि पुढच्या खोलीत खुर्चीवर बसायची.

"कुठे निघालीस?"

"कुठे नाही रे. मला न्यायला कोणीतरी यायचंय. पत्ता सापडत नसेल बिचाऱ्याला."

"कोण यायचंय?"

ताईने त्याच्या बाहीवरचा एक तुकडा नखाने काढला. "ते आठवलं असतं तर सांगितलं नसतं का?"

औषधांमुळे होत असेल, असं त्याने मनाशी ठरवलं. त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

शेवटचा आला गॅरेजवाला. बोलता बोलता तो चिंधीने हात पुसत होता.

"मी त्याला स्पष्ट सांगितलं, हा नऊच आहे, उद्या बदलून आणतो. तर म्हणाला, अवश्य बदला. चुकीची दारं कमी होतायत. आता सहा म्हणून कापलेले सहाच उरतील, मग शोधायला सोपं." गॅरेजवाल्याने चिंधी खिशात कोंबली. "आणि तुमच्यासाठी निरोप दिलाय. नंबरवाल्याला म्हणावं, फार आभारी आहे."

नंबरवाल्याच्या हातातला चिमटा खाली पडला.

भर दुपारी दुकान तसंच उघडं टाकून तो निघाला. सहा नंबर काय एकाच दाराला असतो, शहरात ढीगभर असतील, असं तो स्वतःला बजावत होता आणि पाय मात्र पळत होते. आपल्याच हाताने आपण एकेक दार खोडत आलो, हे त्याला आता लख्ख दिसत होतं.

त्याच्या दारावर सहा होता. मशीन घेतलं त्या दिवशी कापलेला पहिलाच आकडा. ताईनेच तो हौसेने चिकटवला होता.

ती आत खुर्चीवर बसली होती. पायात चपला होत्या.

केस वाळवायचं यंत्र आणून त्याने आकड्यावर गरम हवा सोडली. नखाने कड उचलली. इतक्या वर्षांचं व्हायनिल कडक झालं होतं, कपचे कपचे निघत होते. त्याने एकूण एक सोलला.

आता दाराला नंबरच नव्हता. त्याला हायसं वाटलं. तो एक पाऊल मागे सरला.

उन्हाने सगळं दार विटून फिकट पडलं होतं. आकड्याखालचा रंग तेवढा विटला नव्हता. तिथे गर्द हिरवा सहा उमटला होता, पूर्वीपेक्षा ठळक.

त्याने अंगठ्याने घासला. तळव्याने घासला.

"आले का रे ते?" आतून ताईने विचारलं.

त्याने वळून पाहिलं. फाटकाशी राखाडी कोट घातलेला माणूस उभा राहून नंबर वाचत होता.

या वेळी त्याची मान सरळ होती.