कापसातली भरती

आधीच सांगतो, मी भुताखेतांच्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पालमला शाळेत विज्ञान शिकवतो. पोरांना सारखं "पुरावा दाखव" म्हणून छळतो. पण ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीची आहे, आणि पुरावा तिच्या मनगटावर आहे. मी तो हात लावून पाहिलाय.

तारीख २२ डिसेंबर २०२२. गुरुवार.

दुसऱ्या दिवशी येळवस होती, म्हणजे आमच्याकडची मार्गशीर्षातली अमावस्या, शेतात जाऊन पूजा आणि जेवण करायची. गावाचं नाव देत नाही. पालमहून एसटीनं अर्धा तास, मग फाट्यावरून पायी.

माझी मावशी राजेश्री. तोंडानं फटकळ, मनानं लोण्यासारखी. दारात आलेलं कुत्रंसुद्धा तिच्याकडून उपाशी जात नाही. त्या दिवाळीत महारुद्र काकांनी तिला नवीन सिमकार्ड घेऊन दिलं आणि दुसऱ्याच दिवसापासून तिला सकाळी साडेसहाला एक मेसेज यायला लागला.

रोज. न चुकता.

"लाट : दोन फूट, वाळूवर फुटणारी. दोन लाटांत ९ सेकंद. वारा जमिनीकडून, मंद. भरती ११.५०. ओहोटी ५.४०. ओढ डावीकडे. ओढीत सापडलात तर झुंजू नका, अंग सैल सोडा. पाण्यात : ०. येणार असाल तर १ पाठवा."

मी तिला समजावून सांगितलं. कोकणात एका किनाऱ्यावर फळी घेऊन लाटांवर उभं राहायला शिकवतात, हा त्यांचा रोजचा अंदाज. आज पाण्यात उतरायला किती जण येणार, तो शेवटचा आकडा. हा नंबर आधी दुसऱ्या कुणाकडं असेल, त्याचे मेसेज आता तुला येतात. एवढंच.

मावशीनं जन्मात समुद्र पाहिलेला नाही. तिला त्या मेसेजची मोठी गंमत वाटायची. चहा देताना काकांना म्हणायची, "आवो, आज लाट तीन फूट हाय. संभाळून जावा."

काका म्हणायचे, "आपल्या बोअरला करंगळीएवढी धार न्हाई, आन् हिला लाटा दिसायल्यात."

असे दोन महिने गेले. लाटा कमीजास्त व्हायच्या, वारा फिरायचा. एक आकडा मात्र कधी बदलला नाही.

पाण्यात : ०.

त्या गुरुवारी सकाळी मेसेज आला तेव्हा मावशी चुलीपुढं होती. तिला एकदम वाईट वाटलं. "रोज इचारतोय बिचारा, कुणीच जाईना त्याच्याकडं," असं ती स्वतःशीच म्हणाली. आणि तिनं १ दाबून पाठवून दिला.

गंमत म्हणून नाही. कुणाला विन्मुख पाठवायची तिला सवयच नव्हती.

काका येळवसीचं सामान आणायला पालमला गेले. गल्लीतली माणसं शेतात कोप, म्हणजे पूजेची कडब्याची खोपी, करायला गेलेली. अकरा वाजता समोरच्या घरची म्हातारी सोडली तर सगळी आळी रिकामी होती. मावशीचा गुरुवारचा उपास होता, स्वयंपाकाची घाई नव्हती. तिला मागच्या खोलीतल्या कापसाची आठवण झाली.

आमच्याकडं भाव वाढेल या आशेनं कापूस घरातच भरून ठेवतात. काकांची मागची खोली नवीन, स्लॅबची. डाव्या भिंतीला पत्र्याचं दार, बाहेरून कडी. मागच्या भिंतीला अगदी वर एक खिडकी, तिला गज नाहीत. बाहेरून शिडी लावायची, खिडकीतून कापूस आत टाकायचा आणि तुडवत जायचं. तीस-पस्तीस क्विंटल कापूस होता. छताखाली फक्त कमरेएवढी जागा उरली होती.

असा दाबून भरलेला कापूस ओलसर राहिला तर आतून तापतो, पिवळा पडतो. म्हणून अधूनमधून वर जाऊन त्यात खांद्यापर्यंत हात घालून बघावं लागतं. हाताला ऊब लागली की समजायचं, गडबड आहे.

मावशी शिडी चढली. खिडकीतून आत उतरली. फोन नेहमीसारखा झंपरात खोचलेला.

गुडघ्यावर बसून तिनं उजवा हात कापसात घातला. कोपरापर्यंत... मग खांद्यापर्यंत.

ऊब नव्हती.

आत गार होतं. रांजणात हात घालावा तसं गार... आणि ओलं.

तिला वाटलं, स्लॅब गळतोय. ती हात बाहेर काढायला गेली.

आतून कुणीतरी तिचा हात धरला.

पाच बोटं. माणसाची.

ती ओरडली. जोरानं मागं झाली आणि त्या झटक्यात तिच्या खालचा कापूस खचला. ती कमरेपर्यंत आत गेली. हात सुटला होता. त्याच वेळी खिडकीचं दार वाऱ्यानं धाडकन लागलं आणि खोलीत अंधार झाला.

बाहेर वारा नव्हता. समोरच्या घरची म्हातारी ओट्यावर डाळ पाखडत होती. ती नंतर म्हणाली, "वाऱ्याबिगर पाखडता पाखडता माझे हात मोडले."

मावशीनं हाका मारल्या. काकांना, शेजारणीला, देवाला. पण कापसात आवाज जिरतो. तिचा आवाज तिच्याच तोंडापुढं थांबत होता. बाहेरचंही काही ऐकू येत नव्हतं. कोंबडं नाही, ट्रॅक्टर नाही, म्हातारीचं सूप नाही.

नुसती शांतता... आणि तिचा श्वास.

मग तिच्या लक्षात आलं, तो तिचा एकटीचा श्वास नव्हता.

कापूस हलत होता. सगळाच्या सगळा. सावकाश वर यायचा, थांबायचा, खाली बसायचा. मावशीला मोजायची सवय आहे, पोळ्या लाटतानाही ती मोजते. तिनं मोजलं.

नऊ.

पुन्हा मोजलं... नऊ.

फोन वाजला. त्या खोलीत रेंज येत नाही. मी स्वतः आत उभं राहून पाहिलंय, एक काडीसुद्धा दिसत नाही. तरी मेसेज आला.

"लाट : चार फूट. वारा फिरला, समुद्राकडून. दोन लाटांत ९ सेकंद. पाण्यात : २."

खोलीत ती एकटी आली होती.

खिडकीची फट वर दिसत होती, हातभर लांब. मावशीनं कापसाला धरून वर चढायचा प्रयत्न केला. कापसाला धरणार काय? मूठ भरून यायची आणि ती होती तिथंच राहायची. वीतभर वर सरकली की खालून कापूस उचलायचा, तिच्या अंगावरून जायचा आणि जाताना तिला आणखी खाली न्यायचा. प्रत्येक वेळी डावीकडं. ती खिडकीकडं ओढ घ्यायची, कापूस तिला डावीकडं ओढायचा.

किती वेळ चाललं, तिला सांगता येत नाही. बराच वेळ. घसा कोरडा पडला, नाकातोंडात तंतू गेले. खोलीत मिठाच्या ओल्या पोत्यासारखा वास सुटला होता. कापूस छातीला लागला. मग गळ्याला.

आता आपण इथंच संपणार, असं तिला स्वच्छ वाटलं. उद्याच्या आंबिलीला विरजण कोण लावणार, हा विचारसुद्धा तिच्या मनात आला. माणसाचं मन असंच असतं.

आणि तेवढ्यात पुन्हा तो हात आला.

या वेळी मनगटावर. पण तिला खाली ओढायला नाही. मावशी हे मला दहादा सांगते. बुडणारा माणूस जसं दुसऱ्याला धरतो, तसं त्यानं धरलं होतं. थरथरत होता. तिच्या कानाशी, कापसाच्या आत, कुणीतरी घोट घोट पाणी पिऊन श्वास घ्यायचा प्रयत्न करत होतं.

मावशीची भीती तिथं थोडी कमी झाली. तिनं दुसऱ्या हातानं त्याचा हात धरला. म्हणाली, "भिऊ नकोस. माझा माणूस येईल आत्ता."

दोघं तसेच राहिले. नऊ मोजायचे, लाट जाऊ द्यायची, पुन्हा नऊ.

खिडकीची फट पिवळी झाली, मग तांबूस. तिला सकाळचा मेसेज आठवला. ओहोटी ५.४०. आणि त्याच्या पुढचं, रोज वाचून पाठ झालेलं. झुंजू नका, अंग सैल सोडा.

ती झुंजायची थांबली. अंग सैल सोडलं.

कापूस तिला डावीकडं घेऊन निघाला. हळूहळू, सगळा ढीग त्या बाजूनं खाली बसायला लागला. डाव्या भिंतीलगत एक फट पडली आणि खोल तळाशी पत्र्याच्या दाराखालचा उजेड दिसला. एक माणूस कसाबसा मावेल एवढी फट.

एकच माणूस.

मनगटावरचा हात सुटत नव्हता. तिनं ओढून पाहिलं. दगडासारखं जड. वरचा कापूस पुन्हा उचलायला लागला होता... एक, दोन, तीन...

मावशीनं त्याची बोटं उकलायला सुरुवात केली. एकेक करून. करंगळीपासून.

चौथं बोट निघालं तेव्हा तो बोलला. एकदाच.

"ताई, सोडू नका."

तिनं अंगठा काढला.

महारुद्र काका साडेपाचच्या बसनं फाट्यावर उतरून घरी आले होते. मागून पत्रा वाजतोय, म्हणून त्यांनी जाऊन कडी काढली. कापसाच्या लोंढ्याबरोबर मावशी त्यांच्या पायावर येऊन पडली.

"आगं, कवापासून हायस आत?"

"आजून एकजण हाय," ती म्हणाली. "आवो, त्याला काढा."

तिचा पदर पिळण्याइतका ओला होता.

काकांनी येळवस तशीच टाकली. दोन दिवस खपून सगळी खोली रिकामी केली. मावशी दारात उभी राहून प्रत्येक टोपली बघत होती. शेवटी मधोमध, जमिनीवर, ओंजळभर वाळू निघाली. पांढुरकी, ओली. काका म्हणाले, बांधकामाची उरली असंल, गंगेवरून, म्हणजे गोदावरीवरून, आणली होती. असेलही. पण तिच्यात शिंपल्याचे बारीक तुकडे होते. आमच्या काळ्या रानात मी तसले कधी पाहिले नाहीत.

मनगटावर पाच पांढरे डाग आहेत. अजून आहेत. तिथली कातडी बारा महिने गार असते.

मेसेज ज्या नंबरावरून यायचा, त्यावर मी फोन केला. तो नंबर अस्तित्वातच नव्हता. मग शोधून शोधून त्या किनाऱ्यावरच्या एका माणसाला गाठलं.

"ते शिकवणं बंद होऊन अडीच वर्षं झाली," तो म्हणाला. "मेसेज आमचा एक शिक्षक पाठवायचा. त्या दिवशी फक्त एका बाईंनी १ पाठवला होता. एकट्यासाठी कोण पाण्यात उतरतं? पण हा उतरला. वारा फिरला, ओढीत सापडले दोघं. बाई बाहेर आल्या. म्हणत होत्या, हात सोडला नसता तर मीही राहिले असते. तो सापडलाच नाही."

मी विचारलं, त्या बाईंचा नंबर आहे का?

"आहे, जुना. त्यांनी बंद केला नंतर."

त्यानं आकडे सांगितले. मी लिहून घेत होतो. सहाव्या आकड्याला माझा हात थांबला.

तो नंबर मावशीचा होता.

मेसेज अजून येतो. लाट, वारा, भरती, ओहोटी. फक्त आता शेवटी ० नसतो.

पाण्यात : १.

काका ते सिम मोडायला निघाले होते. मावशीनं हातातून काढून घेतलं. मीही तिला म्हणालो, "मावशी, बंद कर ना तो नंबर."

ती म्हणाली, "त्या बाईनं बंद केला. मी बी केला, तर त्यानं सांगायचं कुणाला?"



मागच्या महिन्यात तिच्याकडं गेलो होतो. मागची खोली पुन्हा कापसानं भरलीय. मावशी आत चहा करत होती, फोन ओट्यावर होता. मेसेज उघडाच होता. खाली उत्तराच्या जागी एक आकडा टाइप करून ठेवलेला होता.

१.

पाठवला नव्हता. मी पटकन पुसून टाकला. ती कप घेऊन बाहेर आली आणि माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाली, "पुसून काय व्हतंय? आता मला ओढ म्हाईत हाय. ह्या टायमाला हात सोडणार न्हाई मी."

निघताना मी त्या खिडकीची शिडी टेम्पोत टाकून पालमला आणली. काकांना काहीतरी थातुरमातुर कारण सांगितलं. ती शिडी सध्या माझ्या गच्चीवर आहे.

काल सकाळी मावशीचा फोन आला. तब्येत विचारली, शाळेचं विचारलं, पोरांचं विचारलं. मग म्हणाली, "शिडी कवा आणून देतोस? अमावस्या जवळ आली."