रेवाचा हॅनिबल

दुधाचे दात पडायला लागले की मुलांना साचा बसवायचा, हे आता लसीइतकंच नेहमीचं झालं होतं. साचा म्हणजे कुणा मेलेल्या माणसाची विचार करायची रीत. त्याने आयुष्यभर घेतलेल्या निर्णयांच्या नोंदी जमवून त्यांतून ती रीत काढायची आणि बारीक विद्युतस्पंदांनी कोवळ्या मेंदूत गिरवायची. एकदा गिरवली की पुसता येत नसे. शेजारच्या पोरांना गणिती मिळाले, गवई मिळाले. तनुजाच्या रेवाला मिळाला हत्ती घेऊन आल्प्स ओलांडणारा सेनापती हॅनिबल, वर रणविद्यालयात प्रवेश! तनुजाने अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले.

वर्षभराने ती काचेआड बसून बघत होती. लढाईचा डाव मांडलेल्या पटाच्या एका बाजूला एकटी रेवा, समोर सतरा मुलं. पोरीने नखं कुरतडून बोटं रक्ताळून घेतली होती. तरी जिंकत होती.

"डॉक्टर, रोज सगळे हिच्यावरच का तुटून पडतात?"

साचे बसवणारे डॉ. हळबे हसले. "कोल्हापूरच्या ना तुम्ही, ताई? तालमीत मोठ्या पैलवानाला सरावासाठी एक तगडा गडी ठेवतात. त्याला रगडून पैलवान तयार होतो. मैदान पैलवान मारतो, गडी नाही."

"म्हणजे माझी रेवा..."

"हॅनिबल रोमच्या मुलखात पंधरा वर्षं अजिंक्य राहिला. त्याचेच डाव शिकून रोमचा एक सेनापती तयार झाला, आणि त्याने त्याला हरवलं. आम्हाला समोरचे सतरा घडवायचेत. अर्जावर 'सरावमूल्य' लिहिलं होतं की."

वाचलं होतं तिने. शंभरापैकी अठ्ठ्याण्णव! मार्क समजून सासूबाईंना फोनही केला होता.

तनुजा दार ढकलून आत धावली. डॉक्टरांनी अडवलं नाही.

"रेवे, ऊठ! चल घरी!"

रेवा वळली. चेहरा फुलला, पटावरचा हात सुटला. तेवढ्यात सतरा जणांनी तिची राजधानी घेतली.

"वहीत लिहून घ्या," डॉक्टर मुलांना म्हणाले. "परमुलखात हॅनिबलला कुणी हरवू शकलं नाही. घरावर संकट आलं, घरच्यांनी परत बोलावलं, तो गेला, आणि तिथेच हरला. पुस्तकातून हे पटत नाही. ताई, आभार."

रेवाला नेता येणार नव्हतं. करार अठराव्या वर्षापर्यंतचा होता. तनुजाला पुन्हा काचेआड बसवलं. नवा डाव मांडला. तिने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. पोरीचं लक्ष नको जायला, जिंकू दे तिला, एवढं तरी.

रेवा जिंकतच होती. मग समोरच्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी पुढे झुकली आणि हुबेहूब तनुजाच्या आवाजात, लाडाने म्हणाली, "रेवे, चल घरी."

रेवाने मान वळवली.