लाल बटण

शहागंजात जुन्या सामानाच्या गाड्यावर दीपमाला एक टेपरेकॉर्डर उलटसुलट करून बघत होती, तेवढ्यात शेजारून कुणीतरी म्हणालं, "आधी वाजवून बघा... हे लोक लई गोड बोलून गळ्यात मारतात."

वळून बघते तर कॅसेटींची पिशवी छातीशी धरलेला एक तरुण! शिवम त्याचं नाव.

"मोबाइलवर सगळी गाणी असताना हे ओझं कशाला?" तिनं विचारलं.

"मोबाइलमधलं गाणं आपलं थोडंच असतं? हे हातात राहतं. आणि... कुणाला तरी देता येतं," असं म्हणून तो उगाचच हसला.

झालं! दर रविवारी कॅसेटी इकडून तिकडं जायला लागल्या. मग एकदा त्यानं आपल्या आत्यानं गायलेल्या ओव्यांची कॅसेट दिली. "एकच हाय. जपा हं."

आणि या बाईसाहेबांनी काय करावं? मैत्रिणीशी, मुनिराशी, बोलायच्या नादात प्लेसोबत रेकॉर्डिंगचं लाल बटणही दाबलं! नंतर तिनं कॅसेट ऐकली. आत्याची ओवी मध्येच तुटली होती आणि पुढं दीपमालेचाच आवाज... तोही काय बोलत होता, देवा! तेवढंच पुसून टाकावं म्हणून हात बटणाकडं गेला. पण आणखी एखादी ओवी गेली तर? तिनं हात मागं घेतला.

रविवारी तिनं कॅसेट पुढं केली.

"माझ्याकडनं... आत्यांची ओवी पुसली गेली."

शिवमनं कॅसेट खिशातल्या वॉकमनमध्ये घातली, हेडफोन कानाला लावले. दीपमाला त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. आता हा माणूस तोंडसुद्धा दाखवणार नाही, असंच तिला वाटलं. त्यानं कॅसेट मागं नेली. पुन्हा ऐकली.

"बोला ना! रागवा तरी!"

त्यानं कॅसेट काढली आणि गाडीच्या किल्लीनं वरच्या कडेचे दोन इवलेसे तुकडे तोडले. टक्... टक्.

"अहो, हे काय?"

"हे तोडलं की वर दुसरं काही भरता येत नाय. लाल बटण दाबलं जातच नाय."

"पण आत्या—"

"आत्या गावी, लासूर स्टेशनला, धडधाकट हाय. नवी कॅसेट घेऊन जाऊ, परत गाईल."

"जाऊ?"

"मग! ओवी कुणी पुसली ते तिला सांगायला तू नको व्हय?" त्याचे कान लाल झाले होते. "आणि कॅसेटमधलं तुझं ते... 'शिवम दिसला नाय तर रविवार वाया जातो'... एकदा समोर म्हणशील?"

दीपमालेला हसू फुटलं, डोळेही भरून आले.

"परत कशाला? आता तुझ्याकडं हाय की."