फिन्टनच्या नावाचा पेला

चार वर्षं दारूला न शिवलेल्या माझ्या भावाला तो शेवटचा पेला कोणी दिला? डॉक्टरांना विचारलं, पोलिसांना विचारलं, पाद्रीबाबांनाही विचारलं. सगळे खांद्यावर हात ठेवायचे आणि हळूच घड्याळाकडे बघायचे.

फिन्टनला जाऊन महिना झाला होता. सकाळी चर्चमध्ये त्याच्या महिन्याची प्रार्थना झाली, आई घरी जाऊन पडली, आणि मी त्याचं फिडल, म्हणजे व्हायोलिन, आणायला टेम्पल बार या पबांच्या वस्तीत गेलो. एवढंच काम होतं. दुपारचे पावणेतीन वाजले असतील. ज्या पबमध्ये तो नऊ वर्षं वाजवायचा, तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. पण वाजवत कोणीच नव्हतं. हिरव्या टोप्या घातलेले पर्यटक फोन वर धरून कोपऱ्यातल्या स्नगकडे बघत होते.

स्नग म्हणजे लाकडी फळ्यांची खोली. दोन माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढी. दाराला आतून कडी, बारच्या बाजूला पेला सरकवायला हातभर खिडकी. फिन्टन त्यातच सापडला होता. टेबलावर डोकं, हातात रिकामा पेला, दाराला कडी.

मालकीण नोरीनने मला मिठी मारली. “उशीन, बरं झालं आलास पोरा. तीन वाजतीलच.”

“तीनला काय?”

“फिन्टनच्या नावाने एक पेला आत ठेवतो. आत कोणी नसतं, तरी रिकामा परत येतो! लोक कुठून कुठून येतात बघायला.”

“तो पीत नव्हता, नोरीन.”

“आता काय लिव्हर खराब होणारे त्याचं?” बारमागून डोनाल म्हणाला. दोघंतिघं हसले.

डोनालने काळी बिअर पाऊण पेला भरली आणि निवळायला ठेवली. मी बारवर वाकलो. “त्या दिवशी तूच दिलास ना त्याला?”

त्याचं हसू गेलं. “आईशप्पथ, त्या दिवशी मी ती खिडकी उघडलीच नव्हती. आत आधीच...”

“आत आधीच काय?”

तो पेल्यात उरलेली बिअर ओतत राहिला.

मग मी फिडल-बिडल विसरलो. गर्दीत घुसलो, स्नगमध्ये शिरलो आणि कडी घातली.

“उशीन, बाहेर ये!” नोरीन दार बडवत होती. “तीनला आत बसायचं नसतं कोणी!”

“आज बसणार!”

कडी लागली तसा बाहेरचा गलका दबला, डोक्यावर कोणी रजई टाकावी तसा. ओल्या लोकरीच्या कोटाचा वास आला. मग फिडलच्या राळेचा. आणि त्या दोन्हींच्या खाली, वर्षानुवर्षं न उघडलेल्या पिंपाचा. खिडकी सरकली, पेला आत आला, खिडकी मिटली. दाराच्या दुधी काचेतला उजेड विझत गेला. भरदुपारी.

पेला टेबलावर सरकायला लागला. माझ्यापासून लांब.

मी हात पुढे केला. पेल्याभोवती एक थंड हात होता. बोटांची टोकं तारांनी टणक झालेली.

“फिन्टन...?”

हात थरथरत होता. चार वर्षांपूर्वी, दारू सोडताना, तो असाच थरथरायचा. तेव्हा मी रात्रभर त्याचा हात धरून बसायचो. मी ओळखलं. तो पेला ओढत नव्हता. लोटत होता... आणि कोणीतरी त्याचा हात परत परत तोंडाकडे नेत होतं.

मी पेला हिसकावला आणि जमिनीवर उपडा केला. “पाजायचंय ना? मला पाज! हिंमत असेल तर मला पाज!”

कोपऱ्यात कोणीतरी श्वास घेतला. लांब... ओला... आणि आनंदाने.

मी घाबरलो. खोटं कशाला सांगू? पण फिन्टनचा हात सोडला नाही. मनगटाकडे चाचपत गेलो, तर तिथे दुसरी पकड होती. मऊ, भिजलेली. मी तिची बोटं एकेक करून उचकटायला लागलो. एक सुटलं. दुसरं. पाचवं सुटलं, तरी पकड तशीच. चाचपलं, तर सहावं होतं. सातवं होतं. मी मोजणं सोडलं, उचकटणं सोडलं नाही.

शेवटचं सुटलं तेव्हा मी पायाने कडी उडवली, दार सताड उघडलं, स्वतः त्याच्या जागी आतच बसून राहिलो, आणि ओरडलो, “पळ, फिन्टन!”